नऊ इंचांची टाचणी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आमच्या अम्मीच्या बांगडीत दोन-तीन सेफ्टी पिना नेहमी लटकत असत. परकराची नाडी ओवायची, तुटल्या बटणाची वेळ निभावायची, पायात मोडलेला काटा काढायचा, सगळ्याला तीच. कॉलेजसाठी मी पहिल्यांदा एकटी तालुक्याला निघाले, तेव्हा तिने त्यातली एक काढून माझ्या बांगडीत अडकवली आणि म्हणाली, ‘‘गर्दीत असू दे.’’ पुढचं तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. भरल्या बसमध्ये उभं राहिल्यावर समजलं.

पुढे कित्येक वर्षांनी शंभर वर्षांपूर्वीच्या हॅटपिनांविषयी वाचताना मला अम्मीची ती पिन आठवली.

हॅटपिन म्हणजे टोपी डोक्यावर पक्की बसवणारी लांब टाचणी. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतल्या बायका बॉनेट घालत. त्याच्या फिती हनुवटीखाली बांधल्या की काम भागे. शतक संपत आलं तशी फितींची जागा हॅटने घेतली. हॅट बसायची केसांवर आणि केस तर आपल्या गंगावनासारखे पुंजके आत भरून फुगवलेले. अशा अंबाड्यातून टाचणी आरपार घातली नाही, तर हॅट वाऱ्यावर जायची. १९०७ साली लंडनमध्ये ‘मेरी विडो’ ही संगीतिका रंगमंचावर आली. तिच्या नायिकेची भलीमोठी हॅट पाहून हॅटचा घेर आणखी वाढला. घेर वाढला तशी पिनही वाढली. सहा इंच, आठ इंच, कधी तर फूटभर.

पिनेचं टोक पोलादाचं, पण नजर जायची ती तिच्या माथ्यावर. श्रीमंतांसाठी सोनार होते. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्स गावच्या चार्ल्स हॉर्नर यांच्या पेढीच्या चांदीच्या हॅटपिना संग्राहक आजही शोधत असतात. ज्यांना ते परवडत नसे, त्या बायका माथा घरीच सजवत. साधी पिन विकत आणायची आणि वर जुन्या हारातला मोठा मणी बसवायचा, किंवा रेशमाच्या चिंधीने मढवलेलं बटण. मोहोर लावायची लाख मेणबत्तीवर मऊ करून, फिरवत फिरवत तिचा रंगीत मणी वळवायचा. ही लाख मुळात आपल्याकडच्या जंगलांतल्या किड्यांची देणगी, हिंदुस्थानातून जहाजांनी तिकडे जाणारी. युद्धावर गेलेल्या माणसाच्या गणवेशाचं बटणही कुणी पिनेवर चढवून मिरवत असे. वाट पाहण्याची ती एक रीत होती.

हा दागिना घरातच राहिला असता, तर त्याचा एवढा इतिहास झाला नसता. पण त्याच काळात बाई घराबाहेर पडत होती. टाइपरायटरवर, टेलिफोनच्या खोलीत, मोठ्या दुकानांच्या गल्ल्यावर तिला काम मिळू लागलं होतं. ट्राममधून ती एकटी जाऊ लागली. सोबत ना बाप, ना भाऊ. आणि रस्त्यावर तिची वाट अडवणारे, गर्दीचा फायदा घेणारे होतेच.

मे १९०३ मधली गोष्ट. लिओटी ब्लेकर नावाची कॅन्ससची तरुणी न्यूयॉर्क पाहायला आली होती. फिफ्थ अॅव्हेन्यूवरच्या घोड्यांच्या बसमध्ये तिच्या शेजारी एक वयस्क, चांगल्या कपड्यांतला गृहस्थ बसला. गाडीला गचका बसला, की तो थोडा जवळ सरके. शेवटी त्याचा हात तिच्या पाठीवर आला. तिने हॅटमधून जवळजवळ फूटभर लांबीची पिन काढली आणि त्याच्या दंडात खुपसली. तो किंचाळला आणि पुढच्याच थांब्यावर उतरला. वर्तमानपत्रांनी ही हकिगत छापली. अशाच आणखीही बातम्या येत राहिल्या.

आता यावर उपाय काय निघाला पाहा. मार्च १९१० मध्ये शिकागोच्या नगरपरिषदेने ठराव केला : नऊ इंचांहून लांब हॅटपिन वापरणाऱ्या बाईला पन्नास डॉलरपर्यंत दंड. इतर शहरांनीही असे नियम केले. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या काही बायकांनी १९१२ साली दंड भरण्याऐवजी तुरुंग पत्करला.

तक्रारी अगदीच खोट्या होत्या असं नाही. हॅटबाहेर आलेल्या टोकांनी ट्राममध्ये शेजाऱ्यांना खरोखर इजा होत असे. म्हणून तर टोकावर बसवायची छोटी टोपणं बाजारात आली. ते योग्यच झालं. पण शिकागोच्या सभागृहात बायकांचं म्हणणंही मांडलं गेलं : पिना काढून घेणार असाल, तर आधी रस्ते सुरक्षित करा. ठरावावर मतं देणारे सगळे पुरुष. त्यांना निवडून देण्याचा हक्कही तेव्हा तिथल्या बाईला नव्हता. तो मिळाला १९१३ साली. पिनेची लांबी मोजायला पट्टी लगेच सापडली. गर्दीत सरकणाऱ्या हाताची लांबी मात्र कुणी मोजली नाही.

हॅटपिन संपली ती कायद्याने नव्हे, कात्रीने. पहिलं महायुद्ध आलं, टोप्या आटोपशीर झाल्या. मग विशीच्या दशकात बायकांनी केस कापले आणि डोक्याला घट्ट बसणारी घंटेसारखी हॅट आली. पिन खोवायला अंबाडाच उरला नाही. त्या पिना आता संग्रहालयांत आणि हौशी लोकांच्या मखमली गाद्यांवर टोचलेल्या दिसतात. खालच्या चिठ्ठीवर धातू, साल, लांबी असतं. ती कुणाच्या दंडात गेली होती का, हे चिठ्ठी सांगत नाही. अम्मीच्या बांगडीतल्या पिनेची तर चिठ्ठीही नाही.

माझी भाची ओढणी डोक्यावर बसवायला स्वतः पिना करते. लांब पिन, वर एक मोठा मणी, खाली एक बारीक, मध्ये गोंदाचा थेंब. परवा तिने मला एक दिली, निळ्या मण्याची. टोकाला रबराचं टोपण होतं. ‘‘फुफू, कुणाला लागायला नको म्हणून,’’ ती म्हणाली.

मी म्हटलं, ‘‘छान केलंस. फक्त टोपण पटकन निघेल असं ठेव.’’