बासष्टीनंतरचं घर

१९५९ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांनी घरबांधणीचं विधेयक दोनदा परत पाठवलं. जुलैत एकदा आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला पुन्हा. त्यांच्या आक्षेपांची यादी लांबलचक होती. तिच्यात एक आक्षेप म्हाताऱ्या माणसांच्या घरांबद्दलचा होता. वृद्धांसाठी घरं बांधणाऱ्या संस्थांना सरकारने आपल्या तिजोरीतून थेट कर्ज द्यावं, अशी तरतूद विधेयकात होती. खासगी कर्जांना सरकारी विमा देण्याची सोय तीनच वर्षांपूर्वी केली आहे, ती पुरते की नाही हे पाहण्याआधीच थेट कर्ज कशाला, असं राष्ट्राध्यक्षांचं म्हणणं. २३ सप्टेंबरला तिसऱ्या मसुद्यावर त्यांनी सही केली, आणि ती तरतूद त्यात टिकून राहिली. तिचा क्रमांक होता कलम २०२.

या कलमाने नंतरच्या काळात सुमारे चार लाख घरं उभी केली. आज अमेरिकेतल्या कित्येक शहरांत अशी इमारत सापडते. राहायला वयाची ६२ वर्षं पूर्ण हवीत. आत एकेका माणसाला पुरेल एवढी घरं, प्रत्येकाला स्वतःचं स्वयंपाकघर, न्हाणीघराच्या भिंतीला धरायचा दांडा आणि पडलं-झडलं तर ओढायची दोरी. खाली सगळ्यांना बसायला एक मोठी खोली. भाडं उत्पन्नाच्या ३० टक्के. महिन्याला १,००० डॉलर पेन्शन असेल, तर भाडं ३०० डॉलरच्या आसपास. त्या घराचा पाणी, वीज, दुरुस्ती, विमा, पगार असा खर्च याच्या दुप्पट सहज असतो. वरचे पैसे कोण देतं आणि इमारत बांधायला कोणी दिले, हा या कुळकथेचा विषय आहे.

या इमारतींच्या आधी निराधार म्हाताऱ्यांची सोय होती पूअरहाऊसमध्ये, म्हणजे सरकारी खर्चाने चालणाऱ्या गरीबखान्यात. बहुतेक काउंटींचं आपलं एक. अनाथ मुलं, मनोरुग्ण, आजारी माणसं यांच्यासाठी हळूहळू वेगळ्या संस्था निघाल्या, आणि १९२० च्या दशकापर्यंत पूअरहाऊसमध्ये मागे राहिलेल्यांत निम्म्याहून अधिक म्हातारी माणसं होती. मग मंदी आली. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचे डॉक्टर फ्रान्सिस टाउनसेंड यांनी साठीपुढच्या प्रत्येकाला महिना २०० डॉलर द्या, अशी मागणी मांडली आणि तिच्यामागे देशभर माणसं उभी राहिली. ती मागणी जशीच्या तशी मान्य झाली नाही, पण तिच्या रेट्यामुळे १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा लवकर झाला. त्या कायद्यातली एक अट मला पेन्शनइतकीच मोलाची वाटते. सार्वजनिक संस्थेत, म्हणजे पूअरहाऊसमध्ये, राहणाऱ्याला केंद्राच्या मदतीतली वृद्धांची रक्कम मिळणार नव्हती. मदत हवी तर बाहेर राहा. म्हातारा माणूस त्या अटीने आश्रित न राहता भाडेकरू झाला. हातात दरमहा थोडे पैसे आले, पण तेवढ्या पैशांत भाड्याने मिळेल अशी जागा बाजारात नव्हती.

दोन वर्षांनी, १९३७ मध्ये, सरकारी भाड्याच्या घरांचा कायदा आला. गावोगावच्या गृहनिर्माण प्राधिकरणांनी कर्जरोखे विकून इमारती बांधायच्या, रोख्यांची परतफेड केंद्र सरकार करणार, आणि रोजचा खर्च भाडेकरूंच्या भाड्यातून निघणार. पण घरं ‘कुटुंबां’साठी होती, आणि एकटा माणूस कुटुंबात मोडत नव्हता. नवरा वारलेल्या, मुलं दूर गेलेल्या बाईला अर्ज करायचाही हक्क नव्हता. हे कलम बदलायला १९५६ उजाडलं. एकोणीस वर्षं! त्या वर्षांत म्हाताऱ्या झालेल्या एकट्या बायकांचं काय झालं, याची एक गोष्ट बरीच सांगितली जाते. एथेल पर्सी अँड्रस या कॅलिफोर्नियातल्या निवृत्त मुख्याध्यापिका. एका जुन्या शिक्षिकेची चौकशी करायला त्या गेल्या, तर ती कोंबड्यांच्या खुराड्यात राहत होती. अँड्रसबाईंनी १९४७ मध्ये निवृत्त शिक्षकांची संघटना काढली. १९५८ मध्ये तिच्यातून निवृत्तांची जी मोठी संघटना निघाली, ती आजही अमेरिकी राजकारणात वजन राखून आहे.

१९५६ नंतर टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहराने वृद्धांसाठी एक उंच इमारत बांधायला घेतली. व्हिक्टोरिया प्लाझा १९६० मध्ये खुली झाली. तिथल्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या संचालक मेरी मॅग्वायर यांचा आग्रह होता, की म्हाताऱ्यांचं घर म्हणजे तरुणांच्या घराची लहान आवृत्ती नव्हे. उंबरे, दिवे, न्हाणीघर, सगळं थकलेल्या गुडघ्यांचा विचार करून आखायचं. फ्रान्सिस कार्प या मानसशास्त्रज्ञ बाईंनी या इमारतीचा अभ्यास केला. घर मिळालेले आणि अर्ज करूनही न मिळालेले, अशा दोन्ही गटांच्या त्यांनी मुलाखती घेतल्या, आणि काही वर्षांनी पुन्हा त्याच लोकांना गाठलं. घर मिळालेल्यांचं समाधान वाढलं होतं, तब्येत बरी होती, मित्रमंडळी जमली होती. पुढच्या पाहणीत तर त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाणही कमी दिसलं. घराने आयुष्य वाढतं, हे इतक्या स्वच्छपणे मांडलेलं काम मला दुसरं आठवत नाही. केनेडी सत्तेवर आल्यावर १९६१ मध्ये मॅग्वायरबाई देशाच्या सार्वजनिक गृहनिर्माण खात्याच्या प्रमुख झाल्या.

वृद्धांच्या इमारती साठच्या दशकात भराभर उठल्या, त्यामागचं एक कारण सांगायलाच हवं. गरीब कुटुंबांसाठी सरकारी घरं म्हटली, की गोऱ्या वस्त्यांतून विरोध व्हायचा. शेजारी कृष्णवर्णीय कुटुंबं येतील, ही धास्ती. म्हाताऱ्यांच्या इमारतीला तेवढा विरोध होत नसे. म्हणून अनेक गावांनी केंद्राचा पैसा घेतला तो वृद्धांसाठी, आणि मुलंबाळं असलेल्या गरिबांचं घर मागे पडलं. वृद्धांच्या घरांची ही वाढ काही अंशी दुसऱ्यांच्या वाट्याचं हिरावून झाली आहे.

आता कलम २०२. त्याची रचना सरळ होती. चर्च, सिनेगॉग, कामगार संघटना अशा नफा न घेणाऱ्या संस्थेने जागा शोधायची आणि इमारत चालवायची. बांधकाम खर्चाच्या ९८ टक्क्यांपर्यंत कर्ज सरकार देणार, परतफेडीला ५० वर्षं, व्याज कमी. सुरुवातीला ५ कोटी डॉलर मंजूर झाले. पहिल्या दहा वर्षांत सुमारे ४५ हजार घरं बांधली गेली. ती सर्वांत गरिबांसाठी मात्र नव्हती. सरकारी घरात बसण्याइतके गरीब नाहीत आणि बाजारभाव परवडत नाही, अशा मधल्या लोकांसाठी ती होती.

योजना चांगली चालली असतानाच ती गुंडाळली गेली. कारण हिशेबाच्या वहीतलं. सरकारने कर्ज दिलं, की सगळी रक्कम त्याच वर्षीच्या अंदाजपत्रकात खर्च म्हणून दिसायची, मग ती ५० वर्षांत परत येणार असली तरी. १९६८ च्या कायद्याने दुसरी वाट काढली. कर्ज बँकेने द्यायचं आणि त्यावरचं व्याज १ टक्क्यापर्यंत खाली यावं म्हणून सरकारने दरवर्षी फरक भरायचा. एकूण खर्च कमी होत नव्हता, पण त्या वर्षीच्या वहीत तो छोटा दिसत होता. घरांच्या पैशाचा पुढचा सगळा प्रवास याच वहीभोवती फिरतो.

भाड्याचीही अडचण उभी राहिली होती. खर्च वाढला, की प्राधिकरणं भाडं वाढवायची, आणि पेन्शन मात्र तेवढीच. १९६९ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर एडवर्ड ब्रूक यांनी दुरुस्ती आणली, की सरकारी घराचं भाडं उत्पन्नाच्या २५ टक्क्यांपलीकडे जाता कामा नये. १९८१ मध्ये ते ३० झालं. इमारतीचा खर्च आणि भाडेकरूची ऐपत यांची फारकत इथे झाली. या आकड्यामागे राजकारणाचं गणित असेल, पण त्याने म्हातारीच्या हातात औषधाचे आणि भाजीचे पैसे उरू दिले.

जानेवारी १९७३ मध्ये निक्सन सरकारने घरबांधणीच्या योजना थांबवल्या. १९७४ मध्ये फोर्ड यांच्या सहीने नवा कायदा आला, त्यात कलम ८ होतं. भाडेकरूने आपला हिस्सा द्यायचा, बाकीचं भाडं सरकार मालकाला देणार. कलम २०२ पुन्हा जिवंत झालं आणि कलम ८ ला जोडलं गेलं. आता खरोखरच्या गरिबांना त्या इमारतींत जागा मिळू लागली. पण या वेळी कर्जाचा व्याजदर सरकार स्वतः ज्या दराने पैसे उचलतं त्याला बांधलेला होता. ऐंशीच्या दशकात तो भडकला. संस्थेला सरकारचं महाग कर्ज फेडायचं, ते फेडायला भाडं चढं लावायचं, आणि ते चढं भाडं सरकारच कलम ८ मधून भरणार. या खिशातला पैसा त्या खिशात.

१९९० च्या कायद्याने हा फेरा तोडला. कर्जाऐवजी भांडवली आगाऊ रक्कम. व्याज नाही. इमारत ४० वर्षं अत्यंत गरीब वृद्धांसाठी राखली, तर परतफेडही नाही. भाड्यातली तूट भरायला वेगळा करार. भाडेकरूचं उत्पन्न त्या भागातल्या मध्यम उत्पन्नाच्या निम्म्याहून कमी असायला हवं. इमारतीवर कर्ज नाही, म्हणून भाड्याला फक्त चालू खर्च भागवायचा. गरीब म्हाताऱ्यांसाठी याहून साधी आणि प्रामाणिक पद्धत अमेरिकेने काढलेली नाही, असं माझं ठाम मत आहे.

तोवर दुसरी वाट रुळली होती. ऑक्टोबर १९८६ मध्ये रेगन यांनी करसुधारणा कायद्यावर सही केली. घरबांधणीतल्या अनेक जुन्या करपळवाटा त्यात बुजल्या, आणि बदल्यात एक नवी सवलत घातली गेली, टॅक्स क्रेडिट. ती कशी चालते, हे एका मानीव इमारतीवर पाहू. खर्च २ कोटी डॉलर. राज्याच्या गृहवित्त संस्थेने ९ टक्क्यांचं क्रेडिट मंजूर केलं, म्हणजे वर्षाला १८ लाख, दहा वर्षं, एकूण १ कोटी ८० लाख डॉलर. ही रक्कम कुणाच्या हातात पडत नाही. ज्याच्याकडे क्रेडिट आहे, त्याचा कर तेवढ्याने कमी होतो. धर्मादाय संस्थेला कर भरायचाच नसतो. म्हणून ती एखाद्या बँकेला भागीदार करून घेते. क्रेडिट डॉलरला ८५ सेंटने गेलं असं धरलं, तर बँक १ कोटी ५३ लाख आज देते. उरलेल्या ४७ लाखांसाठी नगरपालिकेची जमीन, राज्याचा निधी, एखादं लहान गहाणकर्ज, चर्चची देणगी. प्रत्येकाचा वकील वेगळा, अटी वेगळ्या, तपासनीस वेगळा.

मुंबईच्या वाचकाला यातला धागा ओळखीचा वाटेल. झोपडपट्टी पुनर्वसनात सरकार विकासकाला रोख रक्कम देण्याऐवजी जादा चटईक्षेत्र देतं आणि तो ते बाजारात विकून गरिबांची घरं बांधतो. वॉशिंग्टनने क्षेत्राऐवजी कर सोडला. दोन्हीकडे तिजोरीतून थेट काही गेलेलं दिसत नाही, आणि दोन्हीकडे गरिबाचं घर बाजाराच्या तेजी-मंदीला बांधलं जातं.

२००८ मध्ये ते दिसलं. बँकांचा नफाच गेला, तेव्हा करातून सूट घेऊन करायचं काय? क्रेडिटची मागणी आटली, मंजूर झालेल्या इमारती अडकल्या, आणि २००९ मध्ये सरकारला न खपलेल्या क्रेडिटच्या बदल्यात रोख अनुदान द्यावं लागलं. जे थेट द्यायचं टाळलं होतं, तेच. २०१७ च्या कायद्याने कंपनीकर ३५ वरून २१ टक्क्यांवर आणला, तेव्हाही क्रेडिटचा भाव उतरला. शिवाय या घरांचं भाडं त्या भागाच्या मध्यम उत्पन्नावरून ठरतं. भाडेकरूच्या पेन्शनशी त्याचा संबंध नसतो, त्यामुळे सर्वांत गरीब म्हातारीला कलम ८ ची जोड नसेल तर ते झेपत नाही. या पद्धतीने ३० लाखांहून अधिक घरं झाली आहेत आणि त्यांत असंख्य वृद्ध सुखाने राहतात, हे मी नाकारत नाही. पण पाच ठिकाणचा पैसा जुळवताना वर्षं जातात, आणि अर्जदार ७८ वर्षांची असते.

कलम २०२ ला नव्या इमारतींसाठी पैसा मिळणं २०१२ च्या सुमारास थांबलं. काही वर्षांच्या खंडानंतर काँग्रेसने तो पुन्हा सुरू केला, पण आता संस्था ती रक्कम बहुधा टॅक्स क्रेडिटमध्ये मिसळून वापरतात. म्हणजे १९५९ आणि १९८६ एकाच इमारतीत. दरम्यान १९९० च्या कायद्याखालच्या पहिल्या इमारतींची ४० वर्षं २०३० च्या दशकात भरतील. सुरुवातीला राहायला आलेल्यांची जागा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या म्हाताऱ्यांनी घेतली आहे, आणि लिफ्ट, बॉयलर, छप्पर यांनाही वय झालं आहे. भाड्यातून चालू खर्च भागतो, एवढ्या मोठ्या दुरुस्तीचे पैसे सुटत नाहीत. २०१८ च्या कायद्याने या संस्थांना भाड्यातली तूट भरण्याचा जुना करार कलम ८ च्या दीर्घ मुदतीच्या करारात बदलून घ्यायची मुभा दिली. त्या कराराच्या भरवशावर बँक कर्ज देते, आणि लिफ्ट बदलता येते, व्हीलचेअर जाईल एवढी दारं रुंद करता येतात.