अंधेरीचे ध्वनिदप्तर

साष्टी बेटाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास कागदपत्रांची वाण सहसा पडत नाही. १७३९ साली मराठ्यांनी हे बेट पोर्तुगीजांकडून घेतल्याचे, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याच्या किल्ल्यासह ते गिळंकृत केल्याचे, आणि १९५० साली जोगेश्वरी-भांडुपपर्यंतचा व १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंतचा मुलूख बृहन्मुंबईच्या हद्दीत दाखल झाल्याचे कागद निरनिराळ्या दप्तरखान्यांत नीट बांधून ठेवलेले सापडतात. परंतु याच बेटावरील रहिवासी विसाव्या शतकाच्या उतरणीला, संध्याकाळी लोकलमधून उतरून, घामाने भिजलेल्या सदऱ्यानिशी मैदानावर जमून काय ऐकत होते, याचा दाखला मागू गेल्यास मात्र हाताला फारसे काही लागत नाही; आणि जे लागते त्यातला सर्वांत ठळक दस्तऐवज परक्यांनी जपलेला आहे. डीप पर्पल या इंग्रज रॉक वाद्यवृंदाने ८ एप्रिल १९९५ रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात केलेल्या जलशाची ध्वनिचित्रमुद्रिका हा तो दस्तऐवज होय. तिचे नाव ‘बॉम्बे कॉलिंग’.

या नावाची कुळकथा जलशाहून जुनी आहे. १९६९ साली अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील इट्स अ ब्यूटिफुल डे नामक वाद्यवृंदाने, डेव्हिड लाफ्लेम या व्हायोलिनवादकाच्या पुढाकाराने, ‘बॉम्बे कॉलिंग’ नावाची एक वाद्यरचना तबकडीवर आणली. ती डीप पर्पलच्या मंडळींच्या कानी पडली, ऑर्गनवादक जॉन लॉर्ड तिच्याशी खेळू लागला, आणि त्या खेळातून १९७० साली ‘चाइल्ड इन टाइम’ हे त्यांचे अत्यंत गाजलेले गीत सिद्ध झाले. म्हणजे मुंबईच्या नावाने निघालेली एक चाल कॅलिफोर्नियातून इंग्लंडात गेली, तेथे तिने वेष पालटला, आणि पंचवीस वर्षांनी तिचे नाव, साष्टीतल्या एका मैदानावरील मुद्रणाच्या कपाळी चिकटून, जेथल्या नावाने ती निघाली होती तेथे परत आले. मौज अशी की नाव परतले तेव्हा खुद्द शहर ते टाकून देण्याच्या बेतात होते. मनोहर जोशी यांच्या मंत्रिमंडळाचा शपथविधी १४ मार्च १९९५ रोजी झाला होता, जलसा त्यानंतर चार आठवड्यांच्या आतला, आणि त्याच वर्षी ‘बॉम्बे’ हे नाव सरकारी दप्तरातून बाद होऊन ‘मुंबई’ कायम झाले. मराठी बोलणाऱ्यांच्या तोंडी शहर पूर्वीपासून मुंबईच होते, हा भाग वेगळा.

या वाद्यवृंदाचे मोठेपण ज्यांना ठाऊक नाही त्यांना एवढे सांगणे पुरे, की जिवंत जलशाचे मुद्रण हे दुय्यम प्रतीचे काम नव्हे, हे जगास पटवून देणाऱ्यांत त्याचे स्थान फार वरचे आहे. १९७२ च्या ऑगस्टात १५ व १६ तारखेस ओसाका येथे आणि १७ तारखेस टोकियोच्या बुडोकान सभागृहात झालेल्या तीन जलशांतून ‘मेड इन जपान’ हा जोडतबकड्यांचा संच निघाला. तो मूळचा केवळ जपानी गिऱ्हाइकांसाठी योजिलेला होता, आणि वादकांना स्वतःला त्याचे विशेष अप्रूप नव्हते. त्यात एकंदर गीते सात, आणि अखेरचे ‘स्पेस ट्रकिन’ हे सुमारे वीस मिनिटांचे असल्याने तबकडीची एक अख्खी बाजू तेच व्यापून बसते. आमच्याकडे ज्या पिढीने हे संगीत तबकडीपेक्षा कॅसेटवर, आणि विकतच्या कॅसेटपेक्षा मित्राकडून उतरवून घेतलेल्या नकलेवर ऐकले, तिला या लांबीचा व्यावहारिक अर्थ ताबडतोब कळेल. साठ मिनिटांच्या फितीत हा संच मावत नसे. नव्वद मिनिटांची फीत घ्यावी तर पहिल्या तबकडीच्या दोन्ही बाजू एका अंगाला आणि दुसरीच्या दुसऱ्या अंगाला चपखल बसत आणि पहिल्या अंगाला आठेक, दुसऱ्या अंगाला चारपाच मिनिटांची जागा उरे. त्या रिकाम्या जागेत भलत्याच कुणाचे तरी एखादे गीत भरून ठेवण्याची रीत होती. नव्वदीची फीत अंगाने बारीक, म्हणून ती यंत्रात अडकून बाहेर येई, आणि मग षट्कोनी पेन्सिल कॅसेटच्या दातेरी भोकात घालून, फितीला पीळ पडू न देता ती पुन्हा गुंडाळीत बसावे लागे. मैफलींच्या खाजगी फिती जपणाऱ्या आमच्या अभिजात संगीताच्या रसिकांनीही हेच कष्ट उपसलेले आहेत. त्या दोन मंडळींनी एकमेकांकडे तुच्छतेने पाहिले असेल, पण पेन्सिल दोघांची एकच होती.

जलशाच्या चित्रणाशी मात्र या वाद्यवृंदाचे नाते सरळ नव्हते, आणि त्याचे कारण त्याचा जुना गिटारवादक रिची ब्लॅकमोर. हा मनुष्य प्रतिभावान खरा, परंतु कॅमेरा दृष्टीस पडताच त्याचे पित्त खवळत असे. ६ एप्रिल १९७४ रोजी कॅलिफोर्नियातील एका विराट मेळाव्यात त्याने दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यावर गिटारीचे घाव घातले, ते चित्रफितीत कायमचे राहिले. आणि ९ नोव्हेंबर १९९३ रोजी बर्मिंगहॅम येथील जलशात, तोही चित्रित होत असता, त्याने चित्रकाराच्या रोखाने पाणी फेकले. त्यानंतर पंधरा दिवसांच्या आतच तो हेलसिंकीचा जलसा आटोपून कायमचा निघून गेला. ठरलेले दौरे जो सॅट्रियानी या अमेरिकन वादकाने निभावून नेले, आणि १९९४ च्या नोव्हेंबरात स्टीव्ह मॉर्स हा दुसरा अमेरिकन त्या जागी रुजू झाला. अंधेरीचा जलसा याच नव्या कारकीर्दीच्या पाचव्या महिन्यातला आहे. गायक इयान गिलन, बास गिटारवर रॉजर ग्लोव्हर, ढोलांवर इयान पेस आणि ऑर्गनवर जॉन लॉर्ड ही चार जुनी माणसे आणि त्यांच्यात हा नवा, अशी ती बैठक होती. पुढल्या वर्षीच्या फेब्रुवारीत ‘पर्पेंडिक्युलर’ नावाने प्रसिद्ध व्हायच्या संचातील काही गीते अंधेरीकरांनी छपाईपूर्वीच ऐकली. ज्यास या वाद्यवृंदाच्या इतिहासाची चाड आहे त्यास मॉर्सच्या आरंभकाळाचा पुरावा मागण्यासाठी लंडनकडे अथवा लॉस एंजेलिसकडे न पाहता आमच्या पश्चिम रेल्वेवरील एका स्थानकाकडे पाहावे लागते, याचा मला स्थानिक अभिमान वाटतो, आणि तो मी लपवीत नाही. हे मुद्रण २०२२ साली जर्मनीतील इअरम्युझिक या कंपनीने रीतसर, ध्वनी आणि चित्र अशा दोन्ही रूपांत, बाजारात आणले. जॉन लॉर्ड तोवर हयात नव्हता; १६ जुलै २०१२ रोजी त्याचे देहावसान झाले होते.

आता जागेविषयी. शहाजीराजे भोसले यांच्या नावाचे हे महानगरपालिकेचे क्रीडासंकुल अंधेरी पश्चिमेस आहे. आज मेट्रोचे आझादनगर स्थानक त्याच्या जवळच आहे, पण ती मेट्रो २०१४ ची, आणि १९९५ साली येणाऱ्यास अंधेरी स्थानकातून बस, रिक्षा किंवा स्वतःचे पाय एवढेच साधन होते. असले जलसे पूर्वी शहरात होत. द पोलीस हा इंग्रज वाद्यवृंद १९८० साली धोबीतलावाच्या रंगभवनात वाजवून गेला, तो टाइम अँड टॅलंट्स या पारशी महिलांच्या मंडळाच्या विद्यमाने. त्याच रंगभवनात १९८६ पासून फरहाद वाडिया यांनी ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा वार्षिक मेळावा भरवण्यास आरंभ केला आणि आमच्या महाविद्यालयीन वाद्यवृंदांना वर्षातून एकदा उघड्या आकाशाखाली उभे राहण्याची जागा मिळवून दिली. पण रंगभवनाच्या एका अंगास महाविद्यालय, दुसऱ्या अंगास रुग्णालय. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी असल्या ठिकाणांभोवतालचा शंभर मीटरचा परिसर शांतताक्षेत्र ठरवल्यावर पुढे तेथील ध्वनिक्षेपक मुके झाले. मेळाव्याने मग अंधेरीचे चित्रकूट मैदान धरले. शहर ज्याला जागा देईनासे होते ते उपनगरात येते, हा साष्टीचा जुना अनुभव. गोठे आणि कारखाने असेच आले, रॉक संगीत त्यांच्या मागोमाग आले इतकेच. रुग्णालयाच्या भिंतीलगत ध्वनिक्षेपक नसावा हे मला मान्य आहे. त्या हुकमामागोमाग पर्यायी जागेची तजवीज करण्याचे कोणाच्या मनात आले नाही, हे मात्र मान्य नाही.

सरकारी दप्तराने या संगीताची नोंद घेतली ती एकाच निमित्ताने, आणि ते निमित्त कराचे. त्याच अंधेरीच्या संकुलात १ नोव्हेंबर १९९६ रोजी मायकेल जॅक्सन याचा कार्यक्रम झाला, शिव उद्योग सेनेच्या मदतीसाठी म्हणून सरकारने त्यास करमणूक कराची माफी दिली, मुंबई ग्राहक पंचायतीने त्या माफीविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली, २०११ साली न्यायालयाने माफीचा निर्णय रद्द ठरवला, आणि जानेवारी २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती पुन्हा बहाल केली. रक्कम तीन कोटी छत्तीस लाखांच्या घरातली. जॅक्सन २००९ सालीच वारला, करमणूक करही २०१७ साली वस्तू व सेवा करात विलीन झाला, तरी मामला चालू राहिला. सुरांविषयी त्या कागदपत्रांत एक ओळ नसणार.

परक्यांनी जपले म्हणून उरले, असे दुसरेही एक उदाहरण आहे. लेड झेपेलिन या वाद्यवृंदाचे जिमी पेज व रॉबर्ट प्लांट १९७२ साली मुंबईत आले, येथील वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गीते ध्वनिमुद्रित केली, आणि ती फीत ४३ वर्षांनी, २०१५ साली, त्यांच्याच एका संचाच्या पुरवणीत अधिकृत रीत्या प्रसिद्ध झाली. उलट आमच्या स्वतःच्या मंडळींचे काय उरले? एका सिगारेट कंपनीने पुरस्कारलेल्या ‘सिमला बीट’ या अखिल भारतीय स्पर्धेच्या १९७० व १९७१ सालच्या दोन तबकड्या उरल्या. १९८४ साली मुंबईत स्थापन झालेल्या रॉक मशीन या वाद्यवृंदाचे, ज्यात महेश तिनईकर यांची गिटार आणि पुढे उदय बेनेगल यांचा गळा होता, १९८८ व १९९० सालचे स्वरचित गीतांचे संच उरले. १९९३ साली त्यांनी इंडस क्रीड हे नाव घेतले, त्या नावाचा संच १९९५ चा, आणि त्यानंतरचा थेट २०१२ चा. हे सर्व बहुतांशी बंद खोलीतले मुद्रण आहे. मैदानावरचा हाच वाद्यवृंद, लोकांच्या ओरड्यासह, चुकलेल्या तालासह, पाऊस आला म्हणून झाकलेल्या ध्वनिवर्धकासह, अंधेरीच्या त्या एका संध्याकाळइतका नीटनेटका कोठे मिळत नाही. रंगभवनातले ते वार्षिक मेळावे तर बहुतेक ऐकणाऱ्यांच्या आठवणीतच आहेत, आणि ते ऐकणारे आता साठीकडे झुकले आहेत.

तरी सर्वस्वी निराश होण्याचे कारण नाही, कारण त्या काळी घरगुती व्हिडिओ कॅमेरा बाळगणारे आणि टेपरेकॉर्डर बगलेत घालून मैदानात शिरणारे लोक या उपनगरांत थोडे नव्हते. त्यांच्या फिती बोरिवलीच्या, मुलुंडच्या, घाटकोपरच्या जुन्या इमारतींतील माळ्यांवर, लग्नाच्या चित्रफितींच्या गठ्ठ्यात, आजही पडून असतील. मुंबईच्या पावसाळी हवेत चुंबकीय फितीवर पांढरी बुरशी धरते, आणि बुरशी धरलेली फीत तशीच यंत्रात घातली तर यंत्राचे डोके माखते व फितीवरचा लेपही खरवडून निघतो. म्हणून ज्यांच्या घरी असा खोका असेल त्यांनी तो उत्सुकतेपोटी वाजवून पाहू नये. फीत कोरड्या जागी उभी ठेवावी, तिच्यावरील पेन्सिलीचा मजकूर, विशेषतः तारीख आणि मैदानाचे नाव, पुसण्याआधी वेगळ्या कागदावर उतरून घ्यावा, आणि जाणकाराकडून तिची संगणकीय नक्कल येत्या पावसाळ्यापूर्वी करून घ्यावी.