स्पुटनिक आणि शाळेतला समुपदेशक

१९०८ च्या जानेवारीत बॉस्टनच्या नॉर्थ एंड या स्थलांतरितांच्या वस्तीत फ्रँक पार्सन्स यांनी ‘व्होकेशन ब्युरो’ उघडला. मिळेल त्या कामाला लागणाऱ्या तरुणांना त्यांचे सांगणे असे: आधी स्वतःला ओळखा, मग व्यवसाय जाणून घ्या आणि दोहोंचा मेळ घाला. त्याच सप्टेंबरात ते वारले. ‘चूझिंग अ व्होकेशन’ हे त्यांचे पुस्तक १९०९ मध्ये, त्यांच्या पश्चात निघाले.

पुढे हे काम शाळांत शिरले, पण बेताबेतानेच.

चित्र पालटले ते ४ ऑक्टोबर १९५७ नंतर. सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला आणि आपल्या शाळा मागे पडल्याची धास्ती अमेरिकेला बसली. २ सप्टेंबर १९५८ रोजी आयझेनहॉवर यांनी राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यावर सही केली. नाव पुन्हा वाचा: ‘संरक्षण’! त्याच्या पाचव्या प्रकरणाने माध्यमिक शाळांतील चाचण्या आणि समुपदेशनासाठी राज्यांना निधी दिला, समुपदेशकांच्या प्रशिक्षणाचीही सोय केली. हेतू उघड होता: हुशार मुले हेरावीत, त्यांना महाविद्यालयाकडे वळवावे. पार्सन्स यांच्यासमोर पोटापाण्याची चिंता घेऊन तरुण स्वतः येई. नव्या समुपदेशकाच्या टेबलावर मुलाच्या आधी त्याच्या गुणांचा तक्ता पोहोचू लागला. पगाराचा पैसा ज्या भीतीतून आला, तिनेच कामाची दिशाही ठरवली, असे मला वाटते.

१९५९ मध्ये जेम्स कोनंट यांनी २५० ते ३०० विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ समुपदेशक सुचवला. अमेरिकी शालेय समुपदेशक संघटना आजही २५० चाच आकडा मागते. बहुतेक राज्यांनी तो अजून गाठलेला नाही.