घरी यायलाही परवानगी लागते तेव्हा

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला आलात की केडगाव जवळच. पुणे–दौंड गाडीनं रोज ये-जा करणाऱ्यांना तर हे स्टेशन पाठच असेल. दौंड तालुक्यातल्या याच गावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन उभं राहिलं. त्यांच्या कामाबद्दल तुम्ही शाळेत वाचलंय. आज बोलूया त्यांच्या घरी परतण्याबद्दल.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला पोचल्या आणि पुढची जवळजवळ तीन वर्षं अमेरिकेतच फिरल्या. भाषणं दिली, विधवांच्या शाळेसाठी पैसे उभे केले. मग आगगाडीनं अख्खा देश ओलांडून सॅन फ्रान्सिस्को, तिथून बोटीनं जपान, आणि १८८९ च्या फेब्रुवारीत मुंबई. ११ मार्चला तर शारदा सदन सुरूसुद्धा झालं.

या सगळ्या प्रवासात व्हिसा किती लागले? एकही नाही. अमेरिकेत शिरायला तेव्हा व्हिसा लागतच नसे. अर्थात दार सगळ्यांना उघडं होतं असं समजू नका. चिनी मजुरांना अमेरिकेनं १८८२ सालीच बंदी घातली होती. आणि रमाबाईंचा अडथळा बंदरावर नव्हताच, तो घरात होता. समुद्र ओलांडलेली, धर्म बदललेली विधवा. तिला समाजात परत घ्यायचं की नाही, हे ठरवणारे लोक इथंच बसले होते.

मग हे कागद आले कुठून? १९१४ च्या महायुद्धातून. अमेरिका-कॅनडातून गदर पक्षाची माणसं देशात परतायला लागली, तसा इंग्रज सरकारनं त्याच सप्टेंबरमध्ये एक वटहुकूम काढला. बाहेरून येणाऱ्याला अडवायचं, डांबून ठेवायचं, सगळी मुभा सरकारला. म्हणजे बघा, पहिला बडगा बसला तो घरी येणाऱ्यांवर! पुढे पासपोर्टची सक्ती आली. युद्ध संपलं, सक्ती राहिली. १९२० मध्ये तिचा रीतसर कायदाच झाला.

आता दुसरा माणूस. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदरच्या संस्थापकांपैकी एक. सरळ वाटेनं घरी येणं शक्यच नव्हतं. म्हणून महायुद्धात त्यांनी जमिनीवरची वाट धरली: तुर्कस्तान, इराण आणि तिथून बलुचिस्तानकडे. बेत असा, की हत्यारबंद माणसं घेऊन पश्चिमेकडून हिंदुस्थानात शिरायचं. ते जमलं नाही. युद्धानंतर युरोप, आणि १९२४ मध्ये मेक्सिको. तिथं चापिंगोच्या शेतकी विद्यालयात ते प्राध्यापक झाले, मक्याच्या आणि गव्हाच्या वाणांवर काम केलं. दिएगो रिवेरासारख्या चित्रकारानं त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलं.

देश स्वतंत्र झाला. आता तरी घरी जावं म्हणून खानखोज्यांनी व्हिसा मागितला, आणि आधी नकार आला! कारण? इंग्रजांनी केलेल्या काळ्या यादीत त्यांचं नाव होतं. ज्या राज्याविरुद्ध ते लढले ते राज्य गेलं, पण त्या राज्याची यादी फायलीत तशीच राहिली. पुढे निर्णय फिरला, ते आले, नागपुरात स्थायिक झाले. २२ जानेवारी १९६७ ला तिथंच वारले. पण ज्या उमेदीच्या वर्षांत ते इथल्या शेतीला हवे होते, ती मेक्सिकोत गेली.

आणि तो १९२० चा कायदा? तो आपल्याकडे २०२५ पर्यंत चालू होता. एकशे पाच वर्षं!

आज युरोपातून गाडी चालवत गावी यायचं स्वप्न कुणी बघितलं, तर पेट्रोलच्या आधी इराण-पाकिस्तानच्या व्हिसाचा हिशेब मांडावा लागतो. तुमच्यातले कितीतरी जण शिकायला जायचं म्हणून बँकेचे कागद जुळवत असतील. नकार आला की आपण आपल्यातच खोट शोधतो. चार नातेवाईकही तेच शोधतात. खानखोज्यांच्यात काय खोट होती? काहीच नाही. यादी जुनी होती, आणि ती उघडून बघायला कुणाला सवड नव्हती. म्हणून नकाराचा कागद हातात आला तर आधी हे विचारा: हा नियम कुणी केला, कधी केला, आणि कुणाला अडवायला केला?