खनिज तेलाची मापणी

जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात, केदारखेडा नावाचे गाव आहे. तेथील काळ्या भुईखाली दख्खनचा काळा पाषाण. खनिज तेलाचा या गावाशी संबंध तो वाहनांतील व पंपांतील डिझेलपुरताच. तरी तेलाच्या रसायनशास्त्रातील एक मोठी युक्ती समजावयाची, तर अशा गावच्या खळ्याहून सोयीचे स्थान आम्हांस दिसत नाही.

कच्चे तेल म्हणजे सहस्रावधी द्रव्यांची खिचडी होय. 1927 साली अमेरिकेतील पेट्रोलियम संस्थेने ओक्लाहोमातील पॉन्का येथील तेलाचे घटक एकेक वेगळे काढण्याचे काम आरंभिले. त्यात कित्येक दशके गेली, आणि जड भाग तरीही हाती लागला नाही. पुढे मास स्पेक्ट्रोमीटर आला. घटक न विलगविता रेणूंची वजने तो सांगू लागला खरा, पण आकड्यांचे एक रानच माजले.

आता खळ्यावर यावे. अनेक राशी आहेत. प्रत्येकीच्या तळाशी दोन ओंजळी धान्य, आणि वर कोठे दहा, कोठे पन्नास पायल्या ओतलेल्या. मापाऱ्याने तीच पायली घेतली, तर प्रत्येक राशीअखेर त्याच दोन ओंजळी उरतील. परगावची किंचित लहान पायली घेतली, की शिल्लक दर राशीस निराळी, आणि राशींचे नाते झाकले गेले!

तेलाचे रेणूही असेच वाढतात. एक कार्बन व दोन हायड्रोजन यांची गाठ पुनःपुन्हा जोडली जाते. रूढ मापाने तिचे वजन 14.01565, म्हणून दर गाठीमागे अपूर्णांक सरकत जातो. एडवर्ड केंड्रिक याने 1963 साली सुचविले की, ही गाठच नेमकी 14 धरावी. एका कुळातील साऱ्या रेणूंचा अपूर्णांक मग सारखाच येतो. आडव्या अक्षावर वजन व उभ्या अक्षावर अपूर्णांक मांडताच कुळे आपापल्या रांगा धरतात.

परंतु हा अपूर्णांक अचूक मोजणारे यंत्र हवे होते. 1974 च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ जहाजाने मुंबईच्या समुद्रात तेल शोधून काढले. त्याच वर्षी कॅनडात कोमिसारो व मार्शल यांनी त्या यंत्राची नवी पद्धत प्रसिद्ध केली. त्याच मार्शल यांच्या मंडळींनी 2001 मध्ये केंड्रिकच्या मापाने तेलाचे आलेख मांडले, आणि 2002 मध्ये एकाच नमुन्यात सुमारे 11,000 निरनिराळी रेणुसूत्रे दाखविली.

हे आलेख पाहण्यास मोहक असतात, आणि म्हणूनच ते सावधपणे वाचावेत असे आम्हांस वाटते. 2002 च्या त्या प्रयोगात विद्युद्भार सहज धरणारे रेणूच यंत्रापुढे आले. साधे हायड्रोकार्बन, म्हणजे तेलाचा मोठा वाटा, बहुतांशी बाहेरच राहिला. शिवाय ठिपका सूत्र सांगतो, रचना सांगत नाही. 20 कार्बन व 42 हायड्रोजन यांची जुळणी कागदावर 3,66,319 प्रकारांनी मांडता येते. आलेखात त्या साऱ्यांस मिळून जागा एका ठिपक्याची.