उजेडाकडे वळणारा कोंब

बग शोधताना आपण लॉग बघतो. पण लॉग म्हणजे घडून गेल्याची बातमी, व्हेरिएबलची आत्ताची किंमत नव्हे. वनस्पतीशास्त्रज्ञांचं हेच दुखणं तब्बल १४१ वर्षं चाललं!

१८८० मध्ये डार्विन बापलेकांनी दाखवलं, की गवताच्या कोंबाचं टोक झाकलं तर तो उजेडाकडे वळत नाही. म्हणजे टोकाकडून खाली काहीतरी निरोप जातो. फ्रिट्स वेंटने १९२८ पर्यंत तो आगारच्या तुकड्यात पकडलाही. हेच ऑक्झिन. पण दिसणार कसं? १९९७ चं डीआर५ ऑक्झिनने चालू होणारा जनुकाचा स्विच होतं. २०१२ मध्ये ऑक्झिन आलं की विझणारी चमक आली. दोन्ही शेवटी लॉगच.

२०२१ मध्ये जर्मनीतल्या गटाने ई. कोलाय जिवाणूचं ट्रिप्टोफॅन ओळखणारं प्रथिन घेतलं. ट्रिप्टोफॅन आणि ऑक्झिन दिसायला भावंडंच. एकेक अमिनो आम्ल बदलत त्याला ऑक्झिन ओळखायला शिकवलं आणि दोन चमकणारी प्रथिनं जोडली. ऑक्झिन चिकटलं की चमकेचा रंग बदलतो, सुटलं की पूर्ववत. रोप आडवं केल्यावर मुळातलं ऑक्झिन काही मिनिटांत खालच्या बाजूला कसं साठतं, ते जिवंतपणी दिसलं.

शून्यातून काहीच लिहिलं नाही हो, जिवाणूचाच जुना कोड फोर्क केला. मला हेच सगळ्यात आवडलं.