पूर्ववंगण, एंजिनाचे

पुनर्बांधणी केलेले एंजिन प्रथम चालू करण्यापूर्वी त्याच्या तेलमार्गांत दाबाने वंगण तेल भरण्याची क्रिया. तिच्यामागील तत्त्व एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये उलगडले. १८८३ मध्ये बीचम टॉवर यांना रेल्वेच्या आसाच्या धारव्यात (बेअरिंगमध्ये) तेलाचा दाब निर्माण होतो असे आढळले. १८८६ मध्ये ऑझ्बर्न रेनल्ड्झ यांनी त्याचा गणिती सिद्धांत मांडला. फिरता आस तेल पाचरीसारखे आत ओढतो व तेलाच्या पटलावर तरंगतो. पंपाने दाबाखाली तेल पुरविण्याचे पेटंट ए. सी. पेन यांनी १८९० मध्ये वाफेच्या एंजिनासाठी घेतले. ही पद्धत पुढे मोटारगाड्यांतही रूढ झाली.

भारतात टेल्को व डाइम्लर-बेंझ यांच्या सहकार्याने १९५४ पासून डीझेल ट्रक तयार होऊ लागले. मुंबई–अहमदाबाद महामार्ग मीरा-भाईंदरमधून जातो व घोडबंदर येथे ठाण्याचा रस्ता त्याला मिळतो. अशा मार्गांवरील अवजड ट्रकांची एंजिने कालांतराने उघडावी लागतात. जुळणीनंतर पंप, गाळणी व तेलमार्ग रिकामे असतात आणि कोरडा पंप तेल लवकर ओढत नाही. म्हणून गाळणी आधी भरतात, मुख्य तेलमार्गाला हातपंप जोडतात व भुजादंड (क्रँक) हाताने सावकाश फिरवितात. तेल झडपांच्या रॉकरांपर्यंत पोहोचल्यावर इंधन बंद ठेवून स्टार्टरने एंजिन फिरवितात. दाबमापकाचा काटा चढल्यावरच इंधन सोडतात. ही क्रिया टाळल्यास नवे धारवे पहिल्या काही क्षणांतच ओरखडले जाऊ शकतात आणि एकाच ट्रकवर संसार चालविणाऱ्या मालकाला तोच खर्च पुन्हा सोसावा लागतो.